तोतया कोण?

लोणच्यासाठी मोहरी फेसायला घेतली की थोड्याच वेळात नाकात झणका बसतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. तीच मोहरी तापल्या तेलात टाकली तर नुसती तडतडते. अख्ख्या दाण्यात ग्लुकोसिनोलेट या वर्गातली गंधकयुक्त द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. दाणा पाण्याबरोबर घोटला की दोघांची गाठ पडते, आणि त्यातून निघणारं झोंबरं तेल हे त्या झाडाचं किडीविरुद्धचं हत्यार असतं. फोडणीत विकर जळून जातं, म्हणून मोहरी गप्प बसते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा आणि आता मंडईत सर्रास दिसणारी ब्रोकोली ही सगळी मोहरीचीच भावंडं. विळीवर कोबी चिरताना येणारा उग्र दर्प त्याच हत्याराचा.

या हत्यारांपैकी एकाच्या निमित्ताने हे पुस्तक लिहिलं गेलं. कोबी चिरताना आणि चावताना त्यातल्या ग्लुकोब्रॅसिसिनपासून इंडोल-३-कार्बिनॉल नावाचा पदार्थ तयार होतो. तो जठरातल्या आम्लात पोचला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. अशा जोडणीतून जे काही तयार होतं, त्यात इंडोलोकार्बाझोल नावाचं एक संयुग अगदी थोड्या प्रमाणात असतं. ते पेशीतल्या एका विशिष्ट प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, जाऊन घट्ट बसतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले लेनर्ड ब्येल्डानेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली हे दाखवलं, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. कारण तो ग्राही मुळात सापडला होता डायऑक्सिनचा माग काढताना.

डायऑक्सिन म्हणजे काय, हे जगाला कळलं ते इटलीत. १० जुलै १९७६, शनिवारची दुपार. मिलानजवळच्या मेदा गावातल्या रासायनिक कारखान्यात ट्रायक्लोरोफिनॉल बनवण्याचं पात्र प्रमाणाबाहेर तापलं, सुरक्षेची चकती फुटली आणि एक ढग शेजारच्या सेवेझो गावावर उतरला. पुढच्या काही दिवसांत अंगणातल्या कोंबड्या आणि ससे मरायला लागले, मुलांच्या चेहऱ्यांवर पुरळ उठले. विष माणसांच्या ताटात पोचू नये म्हणून सुमारे ८० हजार जनावरं मारावी लागली. त्याआधी व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकी विमानांनी फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकात हीच भेसळ होती. २००४ साली युक्रेनचे विरोधी पक्षनेते व्हिक्तोर युश्चेंको यांचा चेहरा विद्रूप झाला तोही याच विषाने. त्यांच्या रक्तातलं त्याचं प्रमाण सर्वसामान्य माणसाच्या सुमारे ५० हजार पट निघालं. डायऑक्सिन हे एका कुटुंबाचं नाव आहे. त्यातला सगळ्यांत जहाल रेणू टीसीडीडी. त्याच्या चार कोपऱ्यांवर क्लोरीनचे चार अणू बसलेले असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

सेवेझोत ढग उतरला त्याच १९७६ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात ॲलन पोलंड यांना उंदराच्या यकृतात एक प्रथिन आढळलं. डायऑक्सिन त्याला इतकं घट्ट चिकटत होतं की जणू ते त्याच्यासाठीच घडवलं असावं. या प्रथिनाला पुढे एएच ग्राही असं नाव पडलं. चिकटलेल्या रेणूला घेऊन तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि काही जनुकं चालू करतो. त्यातली काही जनुकं परके पदार्थ फोडून बाहेर टाकणारी विकरं बनवतात. सिगारेटचा धूर, डिझेलचा धूर, करपलेल्या मांसावरचं बेंझोपायरीन या सगळ्यांवर हाच ग्राही जागा होतो. कोबी-ब्रोकोली भरपूर खाणाऱ्यांच्या शरीरातून कॉफीतलं कॅफीन लवकर निघून जातं, त्याचं कारणही हेच. त्या भाज्यांनी यकृतातलं तेच विकर वाढवलेलं असतं, जे धूम्रपान करणाऱ्यांत वाढतं आणि डायऑक्सिननेही वाढतं.

आता यावरून काय म्हणायचं? कोबी डायऑक्सिनची नक्कल करतो, असंच गेली तीन-साडेतीन दशकं म्हटलं जातं. त्याचं श्रेय, किंवा दोष, बऱ्याच अंशी ब्रूस एम्स यांच्याकडे जातं. माणूस मोठा होता आणि त्याचा प्रवास विलक्षण होता. बर्कलीत सत्तरच्या दशकात त्यांनी जिवाणूंवर करायची एक स्वस्त, सोपी चाचणी तयार केली. कुठला पदार्थ जनुकांत बिघाड करतो हे ती एक-दोन दिवसांत सांगते; आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती एम्स चाचणी म्हणून चालते. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून त्यात ‘ट्रिस’ नावाचं रसायन घालत. एम्स आणि आर्लिन ब्लम यांनी ते जनुकांना घातक असल्याचं दाखवून दिलं आणि १९७७ साली अमेरिकेत अशा कपड्यांवर बंदी आली. पर्यावरणवाद्यांना एम्स आपले वाटू लागले.

मग त्यांनी तीच कसोटी भाज्यांना लावली.

१९९० साली लॉइस गोल्ड आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लिहिलेल्या लेखांनी खळबळ उडवली. अमेरिकी माणूस रोज सुमारे दीड ग्रॅम कीटकनाशकं खातो ती झाडांनी स्वतःच बनवलेली. मानवनिर्मित कीटकनाशकांचा अंश असतो जेमतेम ०.०९ मिलिग्रॅम. म्हणजे ९९.९९ टक्के कीटकनाशकं नैसर्गिक. त्या नैसर्गिक पदार्थांपैकी ५२ तोवर उंदीर-घुशींवर भरमसाट मात्रेत तपासले गेले होते आणि २७ कर्करोगकारक ठरले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डायऑक्सिनसाठी सुरक्षित मानलेली मात्रा होती दर किलो वजनामागे दिवसाला सहा फेम्टोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक हजार-अब्जावा भाग घेऊन त्याचे पुन्हा हजार तुकडे केले तर त्यातले सहा. एम्स यांचा सवाल होता: तुम्ही इतक्या सूक्ष्म कणावर रान उठवता आणि तोच ग्राही जागा करणारे मिलिग्रॅमच्या हिशेबातले पदार्थ ब्रोकोलीच्या एका वाढपात मुकाट्याने गिळता, हे कसं? भाज्या सोडा असं ते कधीच म्हणाले नाहीत. उलट फळं-भाज्या कमी खाणं हाच मोठा धोका आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं.

एम्स यांनी एक मोठं काम केलं. निसर्गातलं ते निर्धोक आणि कारखान्यातलं ते घातक, ही भाबडी फाळणी त्यांनी मोडीत काढली. ती मोडायलाच हवी होती. हजारो वर्षांच्या आहाराला आपलं शरीर सरावलंय या नेहमीच्या उत्तरालाही त्यांच्याकडे प्रत्युत्तर होतं, आणि ते आपल्याला जास्तच लागू पडतं. बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली मंडळी. फ्लॉवर तर इंग्रजांच्या काळातला. उपासाला बटाटा चालतो म्हणून तो सनातन ठरत नाही.

पण कोबीच्या बाबतीत एम्स यांनी मांडलेली तुलना मला उलटी वाटते. नक्कल कोण कुणाची करतंय? एएच ग्राही सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत आहे. सूत्रकृमी आणि माश्यांमध्येही त्याचे भाईबंद आहेत. इतकं जुनं प्रथिन विसाव्या शतकातल्या क्लोरीन उद्योगाची वाट बघत बसलं असेल, हे संभवत नाही. डायऑक्सिन वणव्यातही थोडंफार तयार होतं, हे खरं. पण त्याचा खरा इतिहास तळ्यांच्या गाळात लिहिलेला आहे. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात एक बेट आहे आणि त्या बेटावर सिस्किविट नावाचं तळं. तिथे कारखाने नाहीत. प्रदूषण येईल ते हवेतूनच. रोनाल्ड हाइट्स यांच्या गटाने त्याच्या तळाचा गाळ थराथराने तपासला. साधारण १९४० च्या खालच्या थरांत डायऑक्सिन जवळपास नव्हतंच. आपल्या शरीरात ट्रिप्टोफॅनपासून बनणारे काही रेणू, आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली इंडोलं आणि कोबीसारख्या भाज्यांतून येणारे पदार्थ हे त्या ग्राहीचे जुने परिचित. डायऑक्सिन हा पुढे आलेला तोतया.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव लावून एकजण उभा राहिला होता. चेहरेपट्टी जुळत होती म्हणून कोकणातले किल्लेदार वळले, मुलूख हाताखाली गेला, आणि १७७६ मध्ये पुणे दरबाराला ते बंड मोडून काढावं लागलं. त्याला वेळीच कायमचं बाहेर काढणं जमलं नाही, म्हणून एवढं रामायण झालं. डायऑक्सिनचं तंतोतंत तसंच आहे. इंडोलोकार्बाझोल ग्राहीला बसतं, ग्राही विकर तयार करायला लावतो, आणि तेच विकर इंडोलोकार्बाझोलचे तुकडे करून त्याला वाटेला लावतं. निरोप पोचला, काम झालं, निरोप्याही गेला. डायऑक्सिनही ग्राहीला बसतं, विकरही तयार होतं. पण क्लोरीनचे चार अणू चारी कोपरे अडवून बसलेले असल्यामुळे विकराला ते फोडता येत नाही. रेणू चरबीत जाऊन मुरतो आणि माणसाच्या शरीरातला त्याचा साठा निम्मा व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. तेवढी वर्षं तो हुकूम सोडत राहतो.

पुढे तर आणखी गंमत झाली. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटमध्ये मार्क वेल्डहोएन यांच्या गटाने २०११ साली उंदरांना कोबीवर्गीय भाज्यांचा लवलेशही नसलेला आहार दिला. त्यांच्या आतड्याच्या अस्तरात पहारा देणाऱ्या प्रतिकारपेशी घटल्या. आहारात इंडोल-३-कार्बिनॉल घातल्यावर त्या परत आल्या. म्हणजे ज्याला आपण विषाचं दार समजत होतो, त्याच्यावर अधूनमधून थाप पडणं आतड्याच्या तब्येतीला हवं असतं. सोरायसिसवर आणि इसबावर शंभराहून जास्त वर्षं डांबराचं मलम लावतात. इसबावर ते काम करतं याच ग्राहीमार्फत, हे २०१३ मध्ये उघड झालं. २०२२ साली अमेरिकेत सोरायसिससाठी मान्यता मिळालेलं टॅपिनारॉफ हे मलमही याच ग्राहीला चाळवतं. त्याचा मूळ रेणू सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंत सापडलेला. ग्राही एकच. एक रेणू विष ठरतो, दुसरा भाजी, तिसरा औषध.

हे सगळं वाचून कुणी कोबीच्या अर्काच्या गोळ्या घ्यायला धावेल म्हणून इथेच थांबवतो. ऑरेगनमध्ये इंद्रधनुषी ट्राउट माशांवर प्रयोग झाले. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात असतं ते ॲफ्लाटॉक्सिन त्यांना दिलं. इंडोल-३-कार्बिनॉल आधी दिलेल्या माशांत यकृतातली अर्बुदं कमी झाली. तेच ॲफ्लाटॉक्सिननंतर देत राहिल्यावर ती वाढली. पदार्थ तोच, मासे तेच. फक्त क्रम बदलला. आठवड्यातून दोनदा पीठ पेरून केलेली कोबीची भाजी आणि रोजची गोळी यांत हा असा फरक पडतो.

पुस्तकातलं दुसरं मोठं प्रकरण बटाट्याचं आहे. कोंब आलेल्या, हिरवट पडलेल्या बटाट्यात सोलॅनीन आणि चॅकोनीन वाढतात. ही द्रव्यं कोलिनेस्टरेज हे विकर अडवतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचल्यावर तो पुसून टाकणं हे त्या विकराचं काम. पुसला नाही की स्नायू थरथरत राहतात, लाळ गळते, श्वास अडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं माणसाला मारतात ती याच वाटेने. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तिथे वापरलेल्या औषधांत या गटातलीही होती. अशा रुग्णाला दिलं जाणारं ॲट्रोपीन येतं धोतऱ्याच्या कुळातून, आणि बटाटाही त्याच कुळातला. विष आणि उतारा एका घरातले, असं रसायनशास्त्रात वरचेवर दिसतं.

बटाट्याचा हा गुण पुस्तकी नाही. दक्षिण लंडनमधल्या एका शाळेत उन्हाळी सुटीपूर्वीचं बटाट्याचं एक पोतं तसंच पडून होतं; सुटीनंतर ते शिजवलं गेलं आणि ७८ मुलं आजारी पडली, त्यांतली १७ रुग्णालयात दाखल झाली. सगळी बरी झाली. अमेरिकेत चिप्ससाठी तयार केलेला ‘लेनापे’ हा सुरेख वाण सोलॅनीन जास्त निघाल्यामुळे १९७० साली मागे घ्यावा लागला. तो कुणी कारखान्यात बनवलेला नव्हता, साध्या संकराने निपजला होता. तरीही इथे फरक कोबीसारखाच पडतो. सोलॅनीन विकराला धरतं आणि सोडतं. ऑर्गॅनोफॉस्फेटची गाठ काही वेळाने पक्की होते, मग सुटतच नाही. शरीराला नवं विकर बनवावं लागतं. फवारणी करणाऱ्या मजुराला त्यासाठी वेळ कोण देतो? दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर असतो.

निसर्गातलं लवकर सुटतं आणि कारखान्यातलं टिकून राहतं, हे माझं सूत्र तिसऱ्या प्रकरणात मात्र लंगडतं, आणि म्हणूनच ते प्रकरण ठेवलं आहे. रॉकेटच्या इंधनातलं आणि फटाक्यांतलं परक्लोरेट पाण्यात उतरलं की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळू देत नाही. केरळात आलुवाजवळच्या विहिरींत ते सापडलेलं आहे. कोबीवर्गातून आणि टॅपिओकातून शरीरात तयार होणारं थायोसायनेट नेमकं हेच करतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये १९२८ साली कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाला, तेव्हापासून हा संशय होता. पण इथे मानवनिर्मित परक्लोरेट काही तासांत लघवीवाटे निघून जातं आणि थायोसायनेट दिवसचे दिवस टिकतं. परक्लोरेट जास्त जहाल, थायोसायनेट जास्त चिवट. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याला दोन्हींचा त्रास सहसा जाणवत नाही. ज्याच्या ताटात आयोडीनच तुटपुंजं आहे त्याचं मात्र दोघं मिळून नुकसान करतात. सोयाबीन आणि जवसातल्या, स्त्रीसंप्रेरकासारख्या वागणाऱ्या द्रव्यांचं प्रकरण त्यामागून येतं. ते मुद्दाम छोटं ठेवलं आहे. त्या विषयावर प्रयोगांपेक्षा मतंच जास्त आहेत.

घरातल्या मोठ्या बायकांना यातलं बरंच ठाऊक होतं, असं म्हणण्याचा मोह मला होतो आणि मी तो अर्धवटच आवरतो. जवस भाजूनच चटणी करायची, बटाट्याचे कोंब खुडून हिरवं साल जाड काढायचं, कोवळ्या ज्वारीत आणि तोडणीनंतरच्या फुटव्यांत गुरं घालायची नाहीत, हे नियम पक्के आहेत आणि त्यांच्यामागे सायनाइड किंवा सोलॅनीन आहे. ते अनुभवातून आले, कारण त्या विषांची लक्षणं काही तासांत समोर दिसत. जे विष वीस वर्षांनी उगवतं, त्याच्याविरुद्ध परंपरेत नियम तयार होऊ शकत नाही. पहाटे पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या पेटवणाऱ्याला कुठल्याही आजीने रागावलं नसेल. क्लोरीन असलेलं प्लास्टिक असं धुमसलं की डायऑक्सिन तयार होतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतलं देवनारचं कचराभूमीचं मैदान पेटलं, त्याचा धूर उपग्रहातून दिसत होता. त्या धुरातलं जे काही गवतावर आणि पाण्यावर उतरतं, ते पुढे दूध, तूप, मासे आणि मटणातून परत येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायऑक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातूनच जातं.

एम्स यांच्या युक्तिवादाचा पुढे जो वापर झाला त्याबद्दल इथे बोलणं भाग आहे. ‘अहो, ब्रोकोलीतही तेच असतं’ हे वाक्य प्रदूषण करणाऱ्यांच्या वकिलांना फार आवडलं. दुसरीकडे ‘रसायनमुक्त’ अशी पाटी लावून दुप्पट भावाने भाजी विकणाऱ्यांना एम्स यांचं नावही नको असतं. मला दोघांचाही कंटाळा आलेला आहे. कोबी रसायनांनीच बनलेला आहे, आणि तरीही कोबी म्हणजे डायऑक्सिन नव्हे. कोबी खायचा की नाही हे मी ठरवतो. देवनारच्या धुराबद्दल शेजारच्या गोवंडीतल्या कुणाला विचारलं गेलं नव्हतं.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. पुस्तकातल्या तक्त्यांत प्रत्येक पदार्थासमोर मात्रेबरोबर एक रकाना जास्तीचा दिला आहे: तो पदार्थ शरीरातून निम्मा व्हायला किती वेळ लागतो. आधी तो रकाना बघा, मग बाकीचे. आणि यापुढे कुणी व्यासपीठावरून किंवा पडद्यावरून ‘हे तर निसर्गातही असतं’ असं सांगितलं, तर त्याला ‘किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘बाहेर कधी पडतं?’ हेही विचारा.